सहावा खिळा

दगाआबांच्या घरी गेलं की आधी हात दाखवावे लागत. तळवे, मग उलटे. नखांत हळद दिसली तर आबा मोरीकडे बोट करत. धुऊन आलं तरी टॉवेलला हात लावायचा नाही, कारण टॉवेलची तुसं कागदाला चिकटतात. हात हवेत झटकून वाळवायचे. इतकं सगळं करून खोलीत गेलं की आबा म्हणत, "आता तिकडं बैस, भिंतीपाशी." आणि कपाट काही उघडत नसत.

कपाटात ओरिजनल होते. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत देवाचं नाव जितक्यांदा निघत नसेल तितक्यांदा आबांच्या तोंडून हा शब्द निघायचा. ओरिजनल म्हणजे लोहपंजाच्या कॉमिकची हातानं काढलेली मूळ पानं. लोहपंजा हा आबांच्या तरुणपणीच्या हिंदी कॉमिकमधला वीर. दिवसा पोस्टात बसून पाकिटांवर शिक्के मारायचा आणि संकट आलं की मुखवटा घालून, उजव्या हातावर लोखंडी पंजा चढवून गच्चीवरून उडी घ्यायचा. पुस्तकं पानाच्या टपरीवर भाड्यानं मिळत. पुस्तक वहीएवढंच, पण चित्रकार मूळ पान काढायचा ते त्याच्या दुप्पट, जाड कागदावर, काळ्या शाईनं. छापखान्यात त्याचा फोटो निघाला की त्या पानाचं काम संपलं. पुढे ती कंपनी बुडाली, पानं रद्दीत गेली, आणि रद्दीतला जाड कागद शेवटी सुरतेलाच येतो. साडीच्या घडीत पुठ्ठा घालावा लागतो ना.

आबांना पहिलं ओरिजनल तसंच सापडलं. रिंग रोडच्या एका दुकानात साडी उलगडली आणि आतून लोहपंजा पडला. कमरेपासून खालचा. वरचा अर्धा कुठल्या साडीतून कुठल्या बाईच्या ट्रंकेत गेला ते देव जाणे. आबांनी पुढची साडी उलगडली, मग पुढची, मग अख्खा गठ्ठा. दुकानदाराला वाटलं, घरात दोन-चार लग्नं दिसतात. त्यानं चहा मागवला. शेवटी आबांनी पुठ्ठे उचलले आणि साड्या ठेवल्या. "अजून तो मला पाहिलं की शटर ओढतो," हे आबा फार अभिमानानं सांगत.

एवढं ओरिजनलचं वेड असलेला हा माणूस पोटासाठी काय करायचा, तर नक्कल. सकाळी एका दुकानात नवी साडी लागली की संध्याकाळी शेजारच्या गल्लीत तशीच, स्वस्तात. ही तक्रार नाही, माझीही चूल त्यावरच पेटली. त्या साऱ्या धंद्यात आबांसारखा हात नव्हता. ते गिऱ्हाईक होऊन जात, साडी न्याहाळत, "घरवालीला रंग नाही आवडणार" म्हणून बाहेर पडत, आणि कारखान्यात येऊन काठापदरासकट कागदावर उतरवत. फोटो काढत नसत. फोटो काढणाऱ्यांना ते शिकाऊ म्हणत.

फक्त एक नियम. तो धंद्याचाच होता, पण आबा तो सोवळ्यासारखा पाळत. नक्कल करताना एक गोष्ट बदलायची. उद्या मूळवाला भांडायला आला तर त्याच्यापुढे मोजून दाखवता आलं पाहिजे की शेठ, तुझ्या कोयरीत ठिपके पाच, माझ्या कोयरीत सहा, तुझी वेगळी, माझी वेगळी. बाकीचे मास्टर कधी एक वाढवत, कधी एक उडवत. आबा नेहमी वाढवतच. "दुसऱ्याचं घेतो आपण," ते म्हणत, "त्यात आणखी कमी करायचं?"

लोक त्यांना नकलमास्टर म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. लग्नपत्रिका येई तीही 'श्री. दगाआबा नकलमास्टर' अशी. आबा ती वाचून टेबलावर पालथी ठेवत. एकदा मला म्हणाले, "मरायच्या आधी कुनी तरी माले दुसऱ्या नावनं हाक मारी पाहिजे, वं माय." माझ्याशी ते अहिराणीतच बोलत. इथं मी बरंच सोपं करून लिहितेय.

मी त्यांच्या ओळखीची कशी झाले तेवढं सांगते. सातवीत माझी शाळा सुटली, पुढं लग्न होऊन पारोळ्याकडून लिंबायतला आले. दुकानांच्या गुजराती पाट्या वाचता येत नसत. कोपऱ्यावर गेले तरी परतताना आपली गल्ली सापडेल की नाही या धास्तीनं मागे वळून वळून बघायची. आबा आमच्या समोर राहत. मला ओट्यावर तांदूळ निवडताना त्यांनी पाहिलं आणि कारखान्याच्या कांतिभाई शेठला जाऊन सांगितलं, "बाईची नजर चांगली आहे, चेकिंगला घ्या." चेकिंग म्हणजे काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकत जातं, आणि डाग, गाठ, तुटका धागा दिसला की खडूनं खूण करायची. डाग नसलेला माल फ्रेश, डागाचा डॅमेज. फ्रेश दुकानात जातो, डॅमेज दिवाळीला कामगारांना वाटतात. त्या टेबलावर मी आजही आहे. रोज कामावर जाताना वाटतं, आज काढून टाकतील. आणि रोज आबांचे आभार मानते.

तर आबांचा संग्रह. फोनवर त्यांचा एक गट होता, देशभरातल्या ओरिजनलवाल्यांचा. त्यात इंदूरचा एक दातांचा डॉक्टर होता. त्यानं आयुष्यात एक कॉमिक वाचलं नव्हतं, पण पानं दीडशेच्या वर. एक बिल्डर होता, तो सोफ्याचा रंग कळवून त्याला शोभेल असं पान मागायचा. ही सगळी माणसं रोज सकाळी एकमेकांना विचारत, तुमच्या पानांना वाळवी तर नाही ना लागली? आणि नाही म्हटलं की त्यांना थोडं वाईट वाटत असावं.

आबा त्यांना हसत, पण स्वतः त्यांच्याही पुढे. हातात पांढरे मोजे घालत. ते रंगखात्यातले होते, एका बोटाला जांभळा डाग. घरात उदबत्ती बंद. आबांच्या मंडळी, आमच्या काकू, होत्या तेव्हा त्यांचे देव स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी गेले. "देवाले धूर चालस," आबांचं म्हणणं, "कागदले नही चालत." उजेडानं शाई उडते म्हणून कपाट अंधाऱ्या खोलीत, आणि कपाटात पानं काळ्या कापडात. त्यामुळे कुणी ती पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर आबाही पाहत नसत. कधी कधी कपाटाला हात लावून उभे राहत, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून.

सगळ्यांत मोठं ओरिजनल म्हणजे मुखवट्याचं पान. त्यात लोहपंजा पहिल्यांदा आणि शेवटचा मुखवटा काढतो, पोस्टातल्या बाईपुढे, आणि पंजा छातीवर धरतो. ते आबांना अख्खं मिळालं होतं, न कापलेलं. ते भिंतीवर लावावं तर उजेड. न लावावं तर आलेल्या माणसाला दाखवायचं काय? म्हणून आबांनी स्वतः त्याची नक्कल काढून पुढच्या खोलीत टांगली. पाहुण्यांना ते आधीच सांगत, "ही कॉपी. ओरिजनल आत आहे." पाहुण्यांना तीच पाहून भरून यायचं.

पुढे आम्ही लिंबायत सोडून भेस्तानला खोली घेतली. आबांना वास्तूचं बोलावणं करायला गेले तर ते डोळ्याचं ऑपरेशन होऊन काळा चष्मा लावून पडलेले. दिवाळीसाठी घराला रंग चालला होता. भिंतीवरचं सगळं उतरवून, काळ्या कापडातच गुंडाळून, कपाटात गेलेलं. आबांनी तिथूनच सुनेला हाक मारली. "रेखा, कपाटात मुखवट्याची दोन पानं आहेत. त्यातली कॉपी हिला दे. वास्तूचा आहेर." मग माझ्याकडे तोंड करून, "कॉपी आहे म्हणून चुलीला नको लावू. हात माझा आहे."

रेखावहिनी घडीखात्यात साड्यांच्या घड्या घालतात. त्यांनी दोन्ही पानं पाहिली. एक स्वच्छ, एक रेघ इकडची तिकडे नाही. दुसऱ्यावर पांढऱ्या रंगाचे उंचवटे, निळ्या पेन्सिलच्या रेघा, संवादाच्या चिकटवलेल्या पिवळट पट्ट्या. वहिनींना विचारही करावा लागला नाही. फ्रेश घरात ठेवलं, डॅमेज कामगाराला दिलं. मीही घेताना मनात डाग मोजले आणि म्हटलं, कॉपी म्हणजे असायचंच.

भेस्तान स्टेशनाजवळ रेशनकार्ड प्लॅस्टिकमध्ये बंद करून देणारा एक आहे. आमच्यात मोलाचा कागद असला की तेच करतात. पान मशीनला मोठं झालं म्हणून त्यानं चारी कडा कातरल्या, निळ्या पेन्सिलचं लिहिणं होतं त्या, आणि पान पाणी शिरणार नाही असं करून दिलं. मी ते गॅसच्या ओट्यामागच्या भिंतीला लावलं. फोडणीचा डाग उडाला तर ओल्या फडक्यानं पुसता यायचा. रोज पुसताना पंज्यावरचे खिळे माझ्या बोटाखालून जात. मनगटापाशी गोल गोल, पाच.

नंतर कांतिभाई शेठचं नवं मार्केट उभं राहिलं. उद्घाटनाला पुढारी येणार होते, आणि पुढारी उशिरा येईपर्यंत लोकांना धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. कुणीतरी आबांच्या पानांचं सुचवलं. शेठ बघायला आले, हात दाखवून, झटकून. एका पानावर पांढऱ्या रंगाचा थर होता तो नखानं टोकरत म्हणाले, "आबा, आमां तो डाघ छे. धोवडावी नाखो ने!"

"शेठ, धुतलं तर जाईल सगळं."

"तो आपणो प्रोसेसवाळो छे ने, फिनिश करी आपशे. एकदम नवुं."

आबांनी पान काढून घेतलं. पण प्रदर्शनाला हो म्हणाले, कारण शेठ पुढं म्हणाले होते की दारात मोठ्या अक्षरांत पाटी लागेल, 'संग्राहक : श्री. दगाआबा'. त्या दिवसापासून आबा नवा सदरा शिवायच्या मागे लागले. मुखवट्याचं पान त्यांनी स्वतःच्या हातानं नेलं, काळ्या कापडातच. फ्रेमवाल्यालाही सांगितलं, कापड मी नसताना काढ, माझ्या श्वासाची वाफ नको. ते पान पाहायला आबांनी उद्घाटनापर्यंत दम धरला. इतकी वर्षं धरलाच होता.

हॉलमध्ये गर्दी होती. पाटी खरंच होती. निवेदिका दर दोन वाक्यांनी "संग्राहक दगाआबा" म्हणायची आणि दर वेळी आबा खुर्चीत किंचित उंच होत. मुंबईहून एक जाणकार साहेब आणले होते. त्यांच्या सदऱ्याला बटणं नव्हती, नाड्या होत्या, आणि गळ्यात भिंगं दोन. ते प्रत्येक पानापुढे डोळे मिटून उभे राहत. पान बघायला आलेला माणूस डोळे का मिटतो, हे मी शेजारच्या बाईला विचारणार होते, पण म्हटलं उगाच आपलं अडाणीपण दिसेल.

मुखवट्याच्या पानापाशी साहेबांनी डोळे उघडले. पिशवीतून त्या अंकाचं छापील पुस्तक काढलं. एकदा इकडे भिंग, एकदा तिकडे.

"छापील अंकात मनगटाला खिळे पाच आहेत," ते माइकमध्ये म्हणाले. "इथं सहा आहेत."

मी आबांकडे पाहिलं. सबंध हॉलमध्ये त्या वाक्याचा अर्थ दोघांनाच कळला होता. आबांनी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि उठून पानापाशी गेले. ओट्यावरचे पाच खिळे, तेलाचा डाग, कातरलेल्या कडा, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं.

साहेबांनी पुन्हा डोळे मिटले. "याचा अर्थ एकच," ते म्हणाले. "ही चित्रकाराची पहिली कल्पना आहे. छापायच्या आधी त्यानं एक खिळा कमी केला. म्हणजे हे ओरिजनलच्याही आधीचं ओरिजनल! आणि रेषा बघा, कुठंही खाडाखोड नाही. असा हात आता होणे नाही."

टाळ्या. कांतिभाई शेठ पुढाऱ्याच्या कानात म्हणाले, "एक खीलो वधारे छे," आणि पुढाऱ्यानं मान डोलावली.

आबा माइकपाशी उभे होते. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. दारात पाटी होती, नवा सदरा अंगात होता, आणि ज्या नावासाठी आयुष्य झिजवलं ते नाव ती पोरगी दर दोन वाक्यांनी घेत होती. बोलले असते तर पुन्हा नकलमास्टर, आणि तेही मेल्यावरसुद्धा.

"साहेब," आबा म्हणाले, "सहावा खिळा माझा आहे."

लोक हसले. साहेबही हसले.

"हे पान मी काढलंय," आबा म्हणाले. "आम्ही एक वाढवतो. धंद्याची रीत आहे. हे ओरिजनल नाही."

आधीपेक्षा जोरात टाळ्या पडल्या. साहेबांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "हा खरा संग्राहक," ते म्हणाले. "इतकं प्रेम, इतकं प्रेम, की चित्र आपणच काढलं असं वाटायला लागतं!" शेठ घाईनं माइकवर आले. "आबा मजाक करे छे! आबा बहु मजाकिया!" पान ओरिजनल असल्याचा दाखला आधीच छापून तयार होता, खाली साहेबांची सही झाली. आबांनी तो घेतला नाही, तर निवेदिकेनं तो त्यांच्या काखेत खोचला.

मी बाहेर आले तर आबा रिक्षात बसून होते. "बैस," म्हणाले. रिक्षावाल्याला म्हणाले, "भेस्तान." रस्ताभर मी काय बोलायचं ते जुळवत होते. उधन्याच्या पुलावर एकदा तोंड उघडलं, तर आबांनी नुसता हात वर केला.

घरी त्यांनी हात धुतले. हवेत झटकले. खिशातून पांढरे मोजे काढून चढवले, आणि ओट्यापाशी जाऊन वाकले. गॅसवर दुपारचं वरण होतं.

"आबा," मला राहवेना, "मी काढून देते. इस्त्री फिरवली की प्लॅस्टिक सुटतं म्हणतात. कडा मात्र त्यानं कापल्या. मला कसं कळणार आबा, तुम्हीच म्हणालात कॉपी..."

"हाई देख," ते म्हणाले. प्लॅस्टिकखालच्या एका पांढऱ्या उंचवट्यावर त्यांनी बोट ठेवलं. "अंगठा. किती वेळा खोडलाय त्यानं. आणि इथं तोंड. आधी हसरं काढलं होतं, मग मिटवलं." थोडं सरकले. "हाऊ मानूस चुके, वं माय."

"मग आमच्याकडं त्याला डॅमेज म्हणतात."

आबा हसले. "मी जन्मात एक रेघ खोडली नाही. खोडायला काय होतं? माझ्या आधी दुसरा कुणीतरी चुकून बसलेला असायचा."

मग त्यांनी मोजे काढले आणि उघड्या हातानं पानावरून हात फिरवला, मनगटापासून अंगठ्यापर्यंत, परत मागे. ज्या कागदापायी देव हलवले त्याला त्यांनी हात लावलेला मी पहिल्यांदा पाहत होते. "हे बरं झालं," म्हणाले. "आता याला हात लावता येतो."

मी पान भिंतीवरून उतरवायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. वाटलेला डॅमेज माल परत घ्यायची आपल्यात पद्धत आहे का?" आणि पाटावर बसून म्हणाले, "वरण वाढ."

मोजे ते ओट्यावरच विसरून गेले. त्यांनी मी गरम भांडी उतरवते.

सहा खिळ्यांचं पान शेठनी मार्केटच्या दारात काचेत कायमचं बसवलं, दाखल्यासकट. पुढच्या थंडीत आबा गावी गेले, आणि तिथंच गेले. रेखावहिनींचा फोन आला तेव्हा मी टेबलावर होते. खडू हातात तसाच राहिला आणि कापड सरकत गेलं. किती डाग सुटले असतील कोण जाणे.

त्याआधी ते एकदा दिसले होते. मी घरी जायला बसमध्ये बसलेले, बस रिंग रोडवर अडकलेली, आणि खाली फुटपाथवर साड्यांचा ढीग. मार्केटच्या दारातल्या पानावरून त्या हंगामात लोहपंजाची साडी निघाली होती. पदरावर मुखवटा, काठाला पंजे. ढिगापाशी दगाआबा, वाकून, काठ दोन बोटांत धरून. विकणारा ओरडत होता, "हाथ लगाडो, काका! ओरिजनल माल छे!" आबांचं लक्ष नव्हतं. ते एकेका खिळ्यावर बोट ठेवत होते. शेवटच्यावर बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

मी खिडकीतून हाक मारली. आबांनी वर पाहिलं, मला शोधलं, आणि तोंडभर हसून दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची दोन.

बस सुटली.